जुनी ई-क्लास समुद्राकाठी सांभाळता येईल का?

भाट्येकर यांचा प्रश्न

मी रत्नागिरीजवळ भाट्ये येथे राहतो आणि घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे. पुण्यातील एका परिचितांची २००८ सालची मर्सिडीज ई २०० कॉम्प्रेसर विकाऊ आहे. गाडी पहिल्यापासून एकाच मालकाकडे असून १,२०,००० किलोमीटर चालली आहे आणि २०२३ मध्ये तिच्या नोंदणीचे नूतनीकरणही झाले आहे. वडिलांना पाठीचा विकार असल्यामुळे मुंबईचा प्रवास सुखाचा व्हावा, हे गाडी घेण्यामागचे मुख्य कारण आहे. मागितलेली किंमत नव्या लहान गाडीपेक्षाही कमी आहे, आणि नेमकी हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. खाऱ्या हवेत अशी गाडी प्रत्यक्ष सांभाळलेल्या सभासदांनी, खर्च कुठे येतो आणि घेण्यापूर्वी काय पाहावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

मेढा-मालवण यांचे उत्तर

माझ्याकडे त्याच सुमाराची एक जर्मन सेडान नऊ वर्षे आहे, म्हणून अनुभवाने लिहितो. किनाऱ्यावरची माणसे गंज दारांवर आणि बॉनेटवर शोधतात, पण या गाड्यांचा बाहेरचा पत्रा सहसा चांगला टिकतो. गंज धरतो तो खाली, सबफ्रेमला (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या लोखंडी चौकटीला), ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना, सस्पेन्शनच्या बोल्टांना आणि सायलेन्सरच्या जोडांना. एखादा साधा बुश (सस्पेन्शनच्या जोडातला रबरी भाग) बदलायचा म्हटले तरी गंजलेला बोल्ट कापावा लागतो आणि तासाभराच्या कामाला अख्खा दिवस जातो.

तरीही मला गंजापेक्षा आत शिरणाऱ्या पाण्याची भीती अधिक वाटते. माझी गाडी आंब्याखाली उभी असे. मोहोर आणि पाने सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्यांत अडकली, आणि जुलैमध्ये पायाखालचा गालिचा ओला लागला तेव्हा मी तो वरवर वाळवून समाधान मानले. त्याखालच्या फोममध्ये पाणी तसेच राहिले, वायरिंगचे जोड हिरवे पडले आणि दिवाळीपर्यंत एक कंट्रोल युनिट (गाडीतला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) निकामी झाले. ती दुरुस्ती कोल्हापूरला झाली आणि तिला गाडीच्या त्या वेळच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम लागली. तेव्हापासून मे महिन्याच्या अखेरीस काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढणे आणि सनरूफच्या चारही नळ्यांतून पाणी सोडून पाहणे, हे काम मी कधीही चुकवत नाही.

आपण पाहत असलेल्या गाडीची मुख्य बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला फळीखाली असते. ती फळी उचलून पाहा. तिथे ओल किंवा कुबट वास असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बहादूरशेख नाका यांचे उत्तर

मेढा-मालवण यांच्या म्हणण्यात यंत्राविषयी थोडी भर घालतो. ही गाडी २००८ची आहे, ही जमेची बाजू समजा. या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक ब्रेक यंत्रणा होती. तिच्यासाठी कंपनीने २००४ मध्ये सुमारे ६,८०,००० गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या आणि २००६च्या सुधारित ई-क्लासमधून ती काढून टाकली. या इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) मात्र सैल पडू शकते. म्हणून रात्रभर थंड राहिलेले इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगा आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखडाट येतो का, ते ऐका. मालकाने आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीवरून काहीच कळत नाही.

पाच गिअरच्या या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल कधी बदलावे लागत नाही, असे पूर्वी सांगितले जाई, पण ६०,००० किलोमीटरला ते बदललेले असावे. बिल मागा. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, म्हणून आपल्याकडे ते दर दोन वर्षांनी बदलणे टाळूच नये. आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉलही पाणी ओढून घेते. त्यामुळे अर्ध्या टाकीवर गाडी महिनाभर उभी ठेवू नये आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या पहिल्याच वर्षी तपासून घ्याव्यात.

गाडी राज्यातलीच असल्याने नव्याने रस्ताकर भरावा लागणार नाही, मात्र २०२८ मध्ये तिला वीस वर्षे होतील आणि तेव्हाचे नूतनीकरण शुल्क अधिक असेल, हेही हिशेबात धरा.

असगोलीची वाट यांचे उत्तर

मी अशीच एक गाडी चार वर्षे वापरून विकली. आवाज न होता घाट चढणारी तशी गाडी पुन्हा माझ्याकडे आलेली नाही, हे मनापासून सांगते. परंतु एका सुट्या भागासाठी ती श्रावणात सतरा दिवस उभी राहिली आणि त्याच दिवसांत सासूबाईंना चिपळूणला इस्पितळात न्यावे लागले. शेजाऱ्यांच्या गाडीने आम्ही पोहोचलो. वडिलांसाठी घेत असाल तर घरात दुसरे चालू वाहन असल्याशिवाय घेऊ नका, आणि किमतीच्या निम्मी तरी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवा. ती जमत नसेल, तर गाडी स्वस्त आहे असे मला म्हणवणार नाही.

भाट्येकर

सर्वांचा आभारी आहे. घरात एक जुनी व्हॅगन आर आहे आणि ती मी विकणार नाही. पुढच्या शनिवारी पुण्यात गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहीन आणि थंड इंजिनासाठी सकाळी सातलाच पोहोचेन. एक शंका उरते. माझी पत्र्याची शेड तीन बाजूंनी उघडी आहे, तेव्हा गाडीवर ताडपत्री घालावी काय?

मेढा-मालवण

ताडपत्री मुळीच घालू नका, तिच्याखाली दमटपणा कोंडतो. शेडची पश्चिमेची बाजू जांभ्याच्या चिऱ्यांनी बंद करा, बाकी वारा खेळू द्या, आणि आठवड्यातून एकदा गाडीचा तळ विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा.