मदत हवी आहे: मुलीला प्रोग्रामिंग शिकण्यासाठी पहिला संगणक कोणता घ्यावा?

कृष्णाकाठ: मुलीला प्रोग्रामिंग शिकायचे आहे. दुकानदार साठ हजारांच्या गेमिंग लॅपटॉपखाली उतरायला तयार नाही आणि एवढा खर्च मला अनाठायी वाटतो. रविवारी खरेदी करायची आहे, तेव्हा कृपया नेमके काय घ्यावे ते सांगावे.

अनिकेत_ठाणे: मुलगी कितवीत आहे आणि आपले बजेट किती आहे?

कृष्णाकाठ: सहावीत आहे. पंचवीस हजारांपर्यंत जमेल. शाळेत स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा) शिकवतात.

सर्किटवाला: डोळे झाकून रास्पबेरी पाय ४०० घ्या. अख्खा संगणक कीबोर्डातच आहे, तो घरच्या टीव्हीला जोडता येतो आणि मागच्या पिनांना एलईडी लावून पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या चार-पाच ओळींत लुकलुकवता येतो. आपल्या आज्ञेने खरा दिवा लागला की मूल त्यात जे रमते, ते स्क्रॅचमधले पडद्यावरचे मांजर हलवून रमत नाही.

अनिकेत_ठाणे: टीव्हीसमोर घरचे सगळे बसलेले असताना मुलीने सराव कधी करायचा, आणि वीज गेली की काय करायचे? त्यापेक्षा कार्यालयीन वापराचा रिफर्बिश्ड (वापरलेला, पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) लॅपटॉप घ्यावा: ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून त्याआधीचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

सर्किटवाला: सहाव्या पिढीच्या यंत्रावरही लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची मोफत प्रणाली उत्तम चालते. उगाच लोकांना खर्चात पाडू नका.

वर्षा_कु: मुलीला आत्ताच एमएस-सीआयटी करायला लावावे, पुढे सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र उपयोगी पडते.

अनिकेत_ठाणे: वर्षाताई, प्रश्न यंत्राचा आहे. कृष्णाकाठ, घरी इंटरनेट आहे का?

कृष्णाकाठ: फक्त माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, आणि मी रात्री आठपर्यंत कामावर असतो.

अनिकेत_ठाणे: मग सगळे ऑफलाइनच चालायला हवे. स्क्रॅचचे अधिकृत ऑफलाइन अ‍ॅप विंडोजसाठी आहे, मिंटसाठी नाही, म्हणून या घरासाठी विंडोजच घ्यावे. पायथनकडे वळताना थॉनी हे पायथन लिहून चालवायचे सोपे सॉफ्टवेअर बसवावे, त्यात पायथन आतच येते. लॅपटॉप दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवावा आणि प्रत्येक कळ दाबून पाहावी, विशेषतः कंसांच्या आणि अवतरणचिन्हांच्या कळा, कारण कार्यालयीन वापरात त्या अडल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि प्रोग्रामिंगमध्ये त्यांच्यावाचून पान हलत नाही.