गुडघ्याचं लिगामेंट गेलंय, मेडिक्लेम आहे, लवकर मॅटवर यायचंय. मदत हवी आहे

लेफ्टकॉर्नर | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. कबड्डी खेळतो. मॅचमध्ये गुडघा गेला. एमआरआय झाला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलाय म्हणतात. डॉक्टर ऑपरेशन सांगतायत. मेडिक्लेम आहे. प्रश्न साधा आहे: मेडिक्लेम वापरून लवकरात लवकर बरं कसं व्हायचं? चांगलं हॉस्पिटल, फिजिओ, मशीनवरचे उपचार, जे काय मिळत असेल ते सगळं. फेब्रुवारीत स्पर्धा आहे, टीम माझ्यावर आहे. कृपया "आराम करा" सांगू नका, ते आईने सांगून झालंय.

पाकीटमोकळं | सोमवार, रात्री ११:५९

खेळातल्या दुखापती मेडिक्लेममध्ये बसतच नाहीत. पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पैसे जमवायला लागा.

बंडोपंत_७१ | मंगळवार, सकाळी ६:१०

कुठला मेडिक्लेम? ऑफिसचा की स्वतःचा? कधी घेतला? दुखापत कधी झाली? कोणत्या गावात आहात? जरा इस्कटून सांगा, इथे ज्योतिषी कमी आहेत.

तालमीतला | मंगळवार, सकाळी ६:४५

आमच्याकडं कागलजवळ एक हाडवैद्य आहेत, तिसरी पिढी. लेप लावून पट्टी बांधतात. आमच्या वस्तादांचा गुडघा असाच निसटायचा, एकवीस दिवसात जोर मारायला लागले. विमा नको न फिमा नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पत्ता देतो.

अनघा_फिजिओ | मंगळवार, सकाळी ८:२०

तालमीतला, पूर्ण तुटलेला एसीएल लेपाने जोडला जात नाही. सूज आणि दुखणं जातं, म्हणून बरं वाटतं. मग माणूस खेळायला उतरतो आणि वळताना गुडघा पुन्हा फिरतो, आणि त्या वेळी गादी, म्हणजे मेनिस्कस, सोबत घेऊन जातो. वस्तादांचा मुरगळला असेल, तुटला नसेल.

लेफ्टकॉर्नर, मला हे सांगा: सूज उतरली का? गुडघा पूर्ण सरळ होतो का? मधेच अडकतो का, म्हणजे वाकल्यावर सरळच होत नाही असं? मेनिस्कसबद्दल रिपोर्टमध्ये काय आहे? यावर बरंच काही ठरतं.

लीड्सकर | मंगळवार, दुपारी १:३०

भारतात सुखी आहात हो. इथे बॅडमिंटन खेळताना माझी टाचेमागची शीर गेली होती. सरकारी सेवेत तज्ज्ञाकडचे उपचार सुरू व्हायचं उद्दिष्टच अठरा आठवड्यांचं आहे आणि तेही पाळलं जाईलच असं नाही. ऑफिसचा खासगी विमा होता म्हणून तपासण्या आठवड्यात उरकल्या. इथे खासगी विमा म्हणजे रांग ओलांडायचा पास.

बंडोपंत_७१ | मंगळवार, दुपारी १:४१

आपल्याकडे एमआरआयला रांग नसते लीड्सकर, बिल असतं.

लेफ्टकॉर्नर | मंगळवार, रात्री १०:१५

एवढे प्रश्न! बरं. पुणे, चाकणला नोकरी. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम ३ लाख. स्वतःचा ५ लाखांचा, १४ महिने झाले. दुखापत अडीच आठवड्यांपूर्वी, रविवारी. मी डावा कोपरा खेळतो. रेडरचा घोटा धरला, तो उलटा फिरला, मागून आमचाच कव्हर अंगावर पडला. गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला, बेंचवरच्या पोरांना ऐकू गेला. आता चालतो नीट, जिना उतरताना निसटतो. अडकत नाही. सूज थोडी आहे. पूर्ण सरळ होत नाही, गुडघ्याखाली फट उरते, त्यात दोन बोटं राहतात. मेनिस्कसला "छोटी चीर" आहे.

डॉक्टर म्हणाले पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करू. तारीख मिळते म्हटल्यावर मी तर खूश आहे. फक्त कुठला मेडिक्लेम वापरू आणि फिजिओचे पैसे मिळतात का एवढं सांगा.

विमामित्र_सांगली | मंगळवार, रात्री १०:४०

सर, यासाठीच वैयक्तिक अपघात विमा असावा. तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा भाग घेतला असता तर घरी बसल्याचे दर आठवड्याला ठरलेले पैसे मिळाले असते. आता सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही शून्य झाला आहे. पूर्ण कुटुंबाचा प्लॅन काढून देतो. व्यनि करावा.

पाकीटमोकळं | मंगळवार, रात्री १०:४४

गाडी ठोकल्यावर हेल्मेट विकायला आला हा.

अनघा_फिजिओ | बुधवार, सकाळी ७:५५

दोन बोटं राहतात? मग पुढचा आठवडा नको. गुडघा गरम असताना, पूर्ण सरळ होत नसताना शस्त्रक्रिया केली तर नंतर तो आखडण्याचा धोका वाढतो. गुडघा अडकत असता तर वेगळी गोष्ट, तेव्हा घाई करतात. तुमचा अडकत नाही. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघ्याखाली काही नको, दहा-दहा मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा. मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, पाच मोजायचे, सोडायचा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत असाल तर आजपासून बंद. पाहिजे तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दोन-तीन आठवडे फिजिओ करून मग घेतलं तर चालेल का.

आणि फेब्रुवारी विसरा. नवीन लिगामेंट म्हणून तुमच्याच मांडीमागचा स्नायुबंध काढून बसवतात. तो बसवल्यावर आधी कमजोर होतो, मग हळूहळू त्यात रक्तवाहिन्या येतात. कितीही मोठा विमा काढा, ही गती बदलत नाही. ओस्लो आणि डेलावेअरच्या खेळाडूंवरच्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितके महिने लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्यामागे जवळजवळ निम्म्याने कमी होत गेला. लेझर, मशीन, शेक यातलं काहीही हा काळ कमी करत नाही.

स्मॅशमास्टर | बुधवार, सकाळी ९:०५

ऑपरेशन करायचंच कशाला? २०१० साली स्वीडनमधला अभ्यास आला होता, १२१ तरुण. आधी फक्त व्यायाम केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनीही ऑपरेशन लागलं नव्हतं. मी स्वतः केलं नाही. मजेत आहे.

अनघा_फिजिओ | बुधवार, सकाळी ९:३०

अभ्यास बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना लागलं हेही त्याच अभ्यासात आहे. तुम्ही आता काय खेळता?

स्मॅशमास्टर | बुधवार, सकाळी ९:३४

सध्या चालतो. रोज सहा किलोमीटर.

अनघा_फिजिओ | बुधवार, सकाळी ९:३६

हे डाव्या कोपऱ्यात खेळतात. माणसाच्या घोट्याला लटकून गुडघा फिरवायचं काम आहे ते.

क्लेमवाली | बुधवार, रात्री ९:२०

नऊ वर्षं टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेम तपासले आहेत, म्हणून जरा लांब लिहिते.

पाकीटमोकळं, खेळातल्या दुखापती बसत नाहीत हे खोटं आहे. वगळलेलं असतं ते धोकादायक किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेणं: गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, स्कूबा वगैरे. कबड्डी त्या यादीत मी कधी पाहिली नाही.

लेफ्टकॉर्नर, तुमच्या स्वतःच्या पॉलिसीला १४ महिने झाले आहेत. लिगामेंटची शस्त्रक्रिया बऱ्याच पॉलिसींमध्ये दोन वर्षांच्या प्रतीक्षा काळाच्या यादीत असते, म्हणजे तोवर तिचे पैसे मिळत नाहीत. पण हा काळ अपघातामुळे झालेल्या इजेला लागू होत नाही. म्हणून कागदावर "अमुक तारखेला कबड्डी खेळताना गुडघा पिळवटून इजा" असं स्वच्छ आलं पाहिजे. पहिल्या डॉक्टरच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आत्ता काढून वाचा. क्लेम तपासताना आम्ही पहिला तोच कागद मागायचो.

ग्रुप पॉलिसीला बहुधा प्रतीक्षा काळ नसतो, म्हणून आधी ती वापरा, कमी पडले तर उरलेलं स्वतःच्या पॉलिसीतून. स्वतःच्या पॉलिसीचा नो क्लेम बोनसही वाचू शकतो. ठरवून होणारं ऑपरेशन आहे तर कॅशलेसचा अर्ज दोन-तीन दिवस आधीच घाला. २०२४ च्या नियमाप्रमाणे त्यावर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. खोलीच्या भाड्याची मर्यादा बघा. वरची खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक जातो असं लोकांना वाटतं, पण त्याच प्रमाणात सर्जनची फी आणि बाकीचे काही खर्चही कापले जातात.

फिजिओ: डिस्चार्जनंतर पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांपुरता मिळतो, साधारण ६० ते ९० दिवस. त्यासाठी डिस्चार्ज कार्डवर किंवा वेगळ्या चिठ्ठीवर सर्जनने "फिजिओथेरपी, आठवड्यातून इतक्या वेळा, इतके आठवडे" लिहिलेलं पाहिजे. प्रत्येक बैठकीची तारखेसकट पावती घ्या. तीन महिन्यांनी एकगठ्ठा पावती आणली की प्रश्न विचारला जातोच. ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि तपासण्या दाखल होण्यापूर्वीच्या ३० किंवा ६० दिवसांत असतील तर त्याही मागता येतात. गुडघ्यात जे बटण किंवा स्क्रू बसवतील त्याचं बिल आणि त्यावरचा स्टिकर मागून घ्या. त्या दोन इंचाच्या स्टिकरवाचून अडकलेल्या फायलींचा ढीग माझ्या टेबलावर असायचा.

तालमीतला | बुधवार, रात्री ९:४१

एवढ्या कागदात माणूस बरा होऊन परत मोडतो. 😄

लेफ्टकॉर्नर | गुरुवार, सकाळी ७:०२

क्लेमवाली ताई, केसपेपर काढून बघितला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी लिहिलंय "उजवा गुडघा, २ वर्षांपासून अधूनमधून तक्रार". मीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत खेळताना मुरगळला होता, पंधरा दिवसांत बरा झाला. ते एवढं महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही.

आणि अजून एक. मी राजीनामा दिलाय, या महिन्याच्या ३० तारखेला कंपनीत शेवटचा दिवस. म्हणूनच घाई करत होतो.

बंडोपंत_७१ | गुरुवार, सकाळी ७:१५

अरे महाराजा!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

पाकीटमोकळं | गुरुवार, सकाळी ७:२०

सोपं आहे. तो केसपेपर फाड, दुसऱ्या डॉक्टरकडे जा, जुनं काही सांगूच नको.

क्लेमवाली | गुरुवार, सकाळी ८:४८

असलं काही करू नका. कागद लपवला आणि सापडला तर हा क्लेम जातो आणि पुढे पॉलिसीवरही बालंट येतं. खरं आहे तेच नीट लिहून घ्या. त्याच डॉक्टरांकडे जा आणि सांगा की दोन वर्षांपूर्वीचं मुरगळणं पूर्ण बरं झालं होतं, मधल्या काळात खेळत होतो, आताची इजा अमुक तारखेची. त्यांना पटलं तर ते सही-तारखेसह खुलाशाची चिठ्ठी देतील. मधल्या काळातल्या सामन्यांचे स्कोअरशीट, फोटो असतील तर तेही ठेवा. स्वतःची पॉलिसी घेताना अर्जात काय लिहिलं होतं तेही बघा, कारण ते मुरगळणं पॉलिसी घेण्याच्या आधीचं आहे.

आता एमआरआयचा रिपोर्ट वाचा. त्यात हाडाला सूज, "मॅरो एडिमा" किंवा "काँट्युजन" असा शब्द आहे का?

अनघा_फिजिओ | गुरुवार, सकाळी ९:१०

नेमका मुद्दा. एसीएल तुटताना मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर आपटतात, त्याचा ठसा एमआरआयवर काही आठवडे-महिने दिसतो आणि मग मावळतो. दोन वर्षांपूर्वीचा तसा दिसत नाही. तो ठसा म्हणजे ताज्या इजेची पावती समजा.

आणि ३० तारखेचं गणित जमतंय. मला वाटतं ते दोन-तीन आठवडे मिळूनही तुमची तारीख ३० च्या आत येते. गुडघा सरळ करा, मग जा.

क्लेमवाली | गुरुवार, सकाळी ९:२२

सहसा शेवटच्या दिवसाबरोबर ग्रुप कव्हर संपतं. ऑपरेशन आत झालं तरी नंतरच्या फिजिओचं काय, हे एचआरला आजच मेलवर विचारा, फोनवर नको. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, प्रतीक्षा काळाचं श्रेयही मिळतं, तेही विचारा.

लीड्सकर | गुरुवार, दुपारी ४:००

अवांतर: तुमच्याकडे राजीनामा दिला की विमा जातो, इथे फार तर खासगी विमा गेला तरी सरकारी रांगेत उभं राहता येतं. रांग असली तरी रांग आहे.

बंडोपंत_७१ | गुरुवार, दुपारी ४:१२

मान्य. सरकारच्या फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारायला हरकत नाही, टेबलावर बसलेलाच असतो तो.

लेफ्टकॉर्नर | शनिवार, रात्री १०:३०

रिपोर्टमध्ये आहे. "लॅटरल फिमोरल काँडाइल... मॅरो एडिमा". आधी वाचलंच नव्हतं, शेवटची ओळ वाचून घाबरलो होतो. डॉक्टरांनी खुलाशाची चिठ्ठी दिली, वर हसले. एचआरचं उत्तर आलं: ३० पर्यंत दाखल झालं तर क्लेम चालेल, नंतरच्या फिजिओसाठी टीपीएला विचारतायत. सर्जनशी बोललो, २२ तारीख दिली. टॉवेलवर आता एक बोट राहतंय.

फेब्रुवारीत डाव्या कोपऱ्यात माझा चुलतभाऊ उभा राहील. त्याला घोटा धरायला शिकवतोय, बसल्या बसल्या.

एकच शंका. सर्जनने नी ब्रेस लिहून दिलाय, ४,२०० रुपयांचा. तो मिळेल ना?

क्लेमवाली | शनिवार, रात्री १०:३७

नाही. न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत नी ब्रेसचं नाव आहे.