प्रश्न हप्त्याच्या वेळेचाही आहे

गरीब कुटुंबांना आरोग्य विम्याचे महत्त्व कळत नाही म्हणून ती हप्ता भरत नाहीत, असे वरच्या प्रतिसादात म्हटले आहे. ते मला पटत नाही. शेतमजुराच्या हातात बारमाही पैसा नसतो, आणि हप्ता ऐन पेरणीत मागितला तर बी-बियाण्यांपुढे तो मागे पडणारच. नागपूरपासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने हे ओळखून सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेण्याची योजना राबवली. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. शिवाय भर साऱ्या गावाच्या सहभागावर, कारण केवळ आजारी माणसेच सभासद झाली तर कोणताही निधी आटतो. रवांडात आरोग्य विम्यासाठी २०११ पर्यंत माणशी वर्षाला सरसकट १००० फ्रँक घेत; पुढे आर्थिक स्थितीनुसार दर ठरले आणि अतिगरिबांचा भार सरकारने उचलला.

नुसत्या वर्गणीवर मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च भागत नाही, तिथे सरकारी पैसा हवाच. मात्र २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, ते मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. आपल्या नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या आवारात गडचिरोलीकडून आलेले नातेवाईक चटई अंथरून, एक्स-रेचा लिफाफा उशाशी घेऊन दिवस काढतात. त्यांची बुडालेली मजुरी विम्याच्या हिशेबात कुठेच धरली जात नाही. सेवाग्रामसारख्या वर्गणीतून गावाचा निधी उभा राहणार असेल, तर त्यातून पहिली मदत या गोळ्यांना आणि या मजुरीला मिळावी.