मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो हे शोधलं कसं?

नमस्कार मंडळी,

नववीतल्या मुलीला गणितज्ञ फर्माच्या संख्या (२ चा १, २, ४, ८, १६, ३२... वा घात अधिक १) समजावताना मीच अडकलोय. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या. पुढची २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७. तीही मूळच असणार असं फर्माला वाटलं होतं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे.

गुणाकार करून पाहिला, जमतो. पण कन्या म्हणते, "बाबा, त्यांना ६४१ च कसं सुचलं?"

वाचलं त्यावरून ४२९४९६७२९७ चा प्रत्येक मूळ विभाजक ६४क + १ (क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या) अशा रूपाचा असावा लागतो. मग तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१! पाचव्याच फेरीत सापडला की. (२५७ तर न तपासताच सोडता येतो, कारण फर्माच्या दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो.)

मूळ विभाजक 'प' मानला तर प ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ आणि ६४ व्या घाताची १ येते, इथपर्यंत कळतं. पण म्हणून प − १ ला ६४ ने निःशेष भाग जायलाच हवा, हे का? 'गट सिद्धांत' (कॉलेजातलं बीजगणित) न आणता, शाळेतल्या भागाकार-बाकीच्या गणितावरून कोणी सांगेल का?

आणि ६७००४१७ मूळ आहे हे हाताने तपासायचं तर २५८८ पर्यंतचे फक्त याच रूपाचे मूळ विभाजक पाहिले तर पुरे ना? रविवारपर्यंत उत्तर द्यायचं कबूल करून बसलोय.