इफिसकरांस पत्र ४:१८ मधील 'अग्नोइया' म्हणजे केवळ माहितीचा अभाव की दोषास्पद अज्ञान? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गात सध्या इफिसकरांस पत्राचे वाचन सुरू आहे. चौथ्या अध्यायातील अठराव्या वचनात पौल म्हणतो, की परराष्ट्रीय लोक त्यांच्या अज्ञानामुळे देवाच्या जीवनाला पारखे झाले आहेत. त्या वचनापाशी एका ज्येष्ठ भगिनींनी असा प्रश्न विचारला, की ज्याला कोणी कधी काही सांगितलेच नाही, त्याच्या न कळण्याला दोष कसा द्यायचा? प्रश्न रास्त आहे, आणि वर्गात त्याचे उत्तर घाईने देऊ नये असे मला वाटते. म्हणून ग्रीक जाणणाऱ्यांकडे ही विचारणा करत आहे.

'अग्नोइया', म्हणजे 'अज्ञान', हे ग्रीक नाम नव्या करारात चारच ठिकाणी येते: प्रेषितांची कृत्ये ३:१७ आणि १७:३०, इफिसकरांस ४:१८ व १ पेत्र १:१४. पहिल्या ठिकाणी पेत्र यरुशलेमेतील लोकांना म्हणतो, की तुम्ही व तुमच्या अधिकाऱ्यांनी जे केले ते अज्ञानामुळे केले. एवढेच वाचले तर ही सूट वाटते, परंतु लगेच एकोणिसाव्या वचनात तो त्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. पौलाच्या अथेन्समधील भाषणातही (१७:३०) तसेच आहे: अज्ञानाच्या काळांकडे देवाने डोळेझाक केली, पण आता तो सर्वांना पश्चात्तापाची आज्ञा करतो. म्हणजे या दोन्ही ठिकाणी अज्ञानामुळे दोष सौम्य होतो, पण पुसला जात नाही, असे मला दिसते.

याचे मूळ जुन्या करारात असावे. पेत्राच्या तोंडी असलेला 'काता अग्नोइयान', म्हणजे 'अज्ञानामुळे', हाच शब्दप्रयोग सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, लेवीय २२:१४ येथे आढळतो. तेथे नकळत पवित्र अन्न खाणाऱ्याने त्याची भरपाई करताना वर पाचवा हिस्सा घालावा असा नियम आहे. त्याला शिक्षा नाही, पण त्याची सुटकाही नाही. गणना १५ मध्ये तर चुकून घडलेल्या पापासाठी अर्पण सांगितले आहे, आणि उद्दामपणे पाप करणाऱ्याला आपल्या लोकांतून उच्छेदले जावे असे म्हटले आहे. इब्री ९:७ मध्ये महायाजक लोकांच्या ज्या पापांसाठी रक्त अर्पण करतो, त्यांना 'अग्नोएमाता', म्हणजे अज्ञानाने घडलेली पापे, म्हटले आहे. तोही याच धातूचा शब्द आहे.

इफिसकरांस पत्रात मात्र सूर वेगळा लागतो, आणि माझी खरी अडचण येथेच आहे. मूळ वाक्यात 'दिआ', म्हणजे 'मुळे', हे शब्दयोगी अव्यय दोनदा येते: त्यांच्या ठायी असलेल्या अज्ञानामुळे, त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे. ही दोन कारणे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, की दुसरे कारण पहिल्याचे मूळ सांगते? कठीणपणासाठी वापरलेला 'पोरोसिस' हा शब्द ग्रीक वैद्यकात मोडलेल्या हाडावर धरणाऱ्या कठीण गाठीसाठीही वापरला जाई. त्यामुळे हळूहळू निबर होत गेलेल्या मनातून अज्ञान उपजते, असा अर्थ मला अधिक योग्य वाटतो. तसे असेल तर हे अज्ञान कानावर न पडण्याचे नसून ऐकू न देण्याचे आहे, आणि भगिनींचा प्रश्न या वचनाला थेट लागू पडत नाही. मात्र दोन्ही 'दिआ'मध्ये उभयान्वयी अव्यय नाही, एवढ्या एका आधारावर हा अर्थ लावणे पुरेसे आहे का, याची मला खात्री वाटत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट येथे नमूद करतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा यांना ज्ञान म्हटले आहे आणि त्याहून उलट ते अज्ञान, असे सांगितले आहे. त्यामुळे 'अज्ञान' हा शब्द आचरणाशी जोडणे आपल्या वाचकाला परके नाही. तरीही ती चौकट पौलाच्या वाक्यावर लादली जाऊ नये, याची मला काळजी आहे.

जाणकारांनी दोन बाबतींत मार्गदर्शन करावे. या वचनातील दोन कारणांचा संबंध व्याकरणदृष्ट्या कसा लावावा, आणि दोषाची छटा 'अग्नोइया' या शब्दातच आहे की ती दर वेळी संदर्भातून येते? दुसऱ्या बाबतीत मार्क ९:३२ कडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे याच धातूचे क्रियापद शिष्यांसाठी वापरले आहे: येशूचे बोलणे त्यांना समजले नाही, आणि त्याला विचारण्यास ते भ्याले.