पोर्टेबल बँडसॉचे ब्लेड वारंवार का निसटते?

प्रश्न: ३ मिलिमीटर जाडीचे चौकोनी पाइप कापताना आमच्या बँडसॉचे (हातात धरायची विजेची करवत, जिचे पट्ट्यासारखे दातेरी ब्लेड दोन चाकांवर फिरते) ब्लेड चाकावरून निसटते, दाते तुटतात आणि बटण दाबताच मशीन हिसका देते. मशीन चालवणाऱ्या मुलाच्या हातांची मला काळजी वाटते. काय चुकत असावे?

उत्तर १: मशीनचा आधाराचा पट्टा पाइपला घट्ट टेकलेला नसला, की ब्लेड मशीनलाच झटक्याने ओढते. पाइप व्हाइसमध्ये (पकडायच्या शिकंज्यात) आवळा, आधार टेकवा, ब्लेडला पूर्ण वेग घेऊ द्या आणि मगच कापायला लागा. मशीनचे वजन पुरेसे असते, वरून रेटू नका.

उत्तर २: कापताना निदान ३ दाते धातूत असावेत. इंचाला १४ दात्यांच्या ब्लेडचे या जाडीत दोनही बसत नाहीत. २४ दात्यांचे घ्या, त्याचे जवळपास तीन बसतात. नवे ब्लेड जुन्या ब्लेडने अर्धवट कापलेल्या खाचेत मात्र कधीही घालू नका.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. प्लग काढून झाकण उघडले, तेव्हा चाकाच्या रबरी पट्ट्यावर धातूचा कीस दाबून बसलेला आणि एके ठिकाणी रबर फाटलेले दिसले.

उत्तर १: मग ब्लेड निसटणारच. कीस बोटांनी न काढता ब्रशने झाडा आणि रबर बदलल्याशिवाय मशीन चालवू नका.