'वाळवणे' की 'पकवणे'? छापील इलेक्ट्रॉनिक्सच्या सूचनापत्रकासाठी शब्द हवेत

प्रश्न

सोलापुरात टॉवेल आणि टी-शर्टवर छपाई करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात छातीवर चिकटवायच्या ईसीजी पट्ट्यांची चाचणी-छपाई सुरू होते आहे. यंत्रावरच्या लोकांसाठी मराठी सूचनापत्रक मी लिहिते आहे. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, पण खात्यातली सामाईक भाषा मराठी. शब्द वाचताच हाताने योग्य तेच काम करावे, एवढीच अपेक्षा. पॉलिएस्टर फिल्मवर चांदीची पेस्ट छापून ती भट्टीतून काढतात, त्याला 'वाळवणे' म्हणू का? फ्लेक्सिबल म्हणजे 'लवचीक', मग स्ट्रेचेबलला काय? आणि वेअरेबलसाठी 'परिधेय' चालेल?

प्रतिसाद

ताई, 'वाळवणे' लिहूच नका. टी-शर्टची प्लास्टिसोल शाई हवेवर कितीही ठेवा, ओलीच राहते. 160 अंशांच्या आसपास गरम झाली की मगच पकते. आमच्या खात्यात 'पकली का?' असंच विचारतात. 'वाळवा' वाचलं की माणूस बोट लावून बघणार, डाग लागला नाही की माल पुढं सरकवणार. त्यातून आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन. वाळवायचंय म्हटल्यावर भट्टी कशाला पेटवायची, असं कुणालाही वाटेल की!

प्रतिसाद

काकांचं म्हणणं चांदीच्या पेस्टलाही लागू पडतं, कारण मात्र वेगळं आहे. या पेस्टमध्ये चांदीचे चपटे कण, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि द्रावक असतं. द्रावक उडालं की पेस्ट हाताला कोरडी लागते, पण कण अजून एकमेकांपासून सुटेच असतात. भट्टीत रेझिन आक्रसतं, कण एकमेकांवर दाबले जातात आणि मग वीज वाहण्याची वाट तयार होते. म्हणजे कोरडी दिसणारी पट्टी हृदयाचे ठोके अजिबात दाखवणार नाही, असंही होऊ शकतं. म्हणून 'पकवणे'च.

'भाजणे' हा शब्दही कुणी सुचवील, त्याला माझा ठाम विरोध आहे. विटेसारखं भाजायचं म्हटलं की माणूस आंच वाढवतो. साधी पॉलिएस्टर फिल्म 150 अंशांच्या पुढे आकसते, सुरकुतते, आणि पुढचा थर जागेवर बसत नाही. पॉलिइमाइड फिल्म याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते, पण ती महाग. चांदीच्या नॅनोकणांच्या शाईत कण उष्णतेने, पूर्ण न वितळताच, खरोखर एकमेकांना जुळून एकसंध होतात. तिथे 'भाजणे' शोभेल. तुमच्या कामात ती शाई नाही.

पकली हे ठरवायला बोट नको, मल्टिमीटर हवा. रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरत जातो आणि एका आकड्यावर थांबतो. तो थांबला की पकली.

प्रतिसाद

लवचीक म्हणजे लवणारं, वाकणारं. पॉलिएस्टर फिल्म लवते, पण ओढली तर वाढत नाही. शाळेच्या पुस्तकातला 'स्थितिस्थापक' हा पूर्वपदावर येण्याचा गुण सांगतो, नुसतं ताणण्याचा नाही. स्ट्रेचेबलला 'ताणता येणारी' लिहा. हा भेद कारखान्यात फार महत्त्वाचा आहे, कारण सांध्यावरची कातडी हालचालीत 30 टक्क्यांपर्यंत ताणली जाते. तिथे सरळ रेघ तुटते. म्हणून रेघा नागमोडी छापतात किंवा ताणता येणाऱ्या पॉलियुरेथेन फिल्मवर छापून ती फिल्म होजिअरी कापडावर गरम दाबाने बसवतात. थेट कापडावर छापली तर पेस्ट धाग्यांत मुरते आणि रेघ मध्येच खंडित होते. टॉवेलवर छापणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

'परिधेय' सोडून द्या. 'अंगावर लावायची पट्टी' यात काय कमी आहे?

प्रतिसाद

एक नवा शब्द मीच मागतो. चांदीची पेस्ट आणि चांदी-क्लोराइड मिसळलेली पेस्ट, दोन्ही करड्याच दिसतात. पण दुसरीच कातडीला भिडणाऱ्या ठिपक्यासाठी असते. शरीरात प्रवाह आयनांचा, रेघेत इलेक्ट्रॉनांचा. त्या दोघांची अदलाबदल स्थिरपणे होण्यासाठी क्लोराइड लागतं. नुसती चांदी लावली तर ईसीजीची रेघ वरखाली सरकत राहते. इलेक्ट्रोडसाठी 'विद्युतअग्र' हा पाठ्यपुस्तकातला शब्द बरोबर आहे, पण डबा उचलणाऱ्याला तो काही सांगत नाही. 'रेघेची पेस्ट' आणि 'ठिपक्याची पेस्ट' अशी नावं डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिली तर?

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'पकवणे', 'ताणता येणारी', 'रेघेची' आणि 'ठिपक्याची' हे शब्द घेतले. आता पेस्टच्या माहितीपत्रकातल्या 'ओहम प्रति चौरस' या रोधाच्या मापावर अडले आहे. वाचणारा लगेच चौरस सेंटिमीटर समजतो.

प्रतिसाद

'चौरस' नको, 'चौकोनामागे' लिहा आणि शेजारी चित्र काढा. चौकोन किती मोठा हे इथे गौण आहे, कारण लांबी दुप्पट झाली तर रुंदीही दुप्पट होते आणि रोध तोच राहतो. 1 मिलिमीटर रुंद आणि 100 मिलिमीटर लांब रेघेत 100 चौकोन मावतात. चौकोनामागे 20 मिलिओहम धरले तर टोकापासून टोकापर्यंत 2 ओहम. मल्टिमीटरवर 9 दिसले तर माल पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्याच ओळीत लिहा.